जुन्या वेकबोर्ड बोटीत पाण्याचा बॅलास्ट: पंप, होज, भोकं आणि झडपा

तळ्याकाठी, मिनेसोटा · ३ एप्रिल

नमस्कार मंडळी,

या विभागात गाड्यांचे धागे भरपूर आहेत, बोटीचा एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय.

आमच्याकडे २००२ ची मालिबू वेकसेटर व्हीएलएक्स आहे. २१ फुटी, व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागच्या टोकाला), दोरी बांधायचा टॉवर आहे, हल (बोटीचं कवच) आणि इंजिन दोन्ही ठणठणीत. बॅलास्ट मात्र बसवलेला नाही. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: वेकबोर्डवाला बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घेतो. बोट जितकी जड, तितकी ती खोल बसते, जास्त पाणी बाजूला सारते आणि लाट मोठी होते. म्हणून बोटीत जाड व्हिनाइलच्या मोठ्या बॅगा ठेवून त्यांत लेकचंच पाणी भरायचं आणि निघताना परत सोडायचं.

सध्या आम्ही काठावरून पंप पाण्यात सोडतो आणि होज हातात धरून एकेक बॅग भरतो. लेक मिनेटोंकावर शनिवारी गर्दी असते, त्यात मुलं ताटकळत बसतात आणि गालिचा भिजतो तो वेगळाच. आता सगळं पक्कं बसवायचं आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत ७५० पाउंडांची एकेक बॅग आणि पुढे बोच्या (बोटीच्या नाकाकडच्या) सीटखाली ४०० पाउंडांची, असा बेत आहे. म्हणजे एकूण १९०० पाउंड. गॅलनला ८.३४ पाउंड धरले तर साधारण २२८ गॅलन, आपल्या हिशेबात ८६० लिटरच्या आसपास.

प्रश्न असे आहेत. तळाला भोक एक पाडावं की तीन? एरेटर पंप घ्यावेत की उलटसुलट फिरणारे इम्पेलर पंप? इंजिन ज्या भोकातून पाणी ओढतं त्यालाच टी (तीन तोंडांचा जोड) लावून काम भागतं, असं एका ओळखीच्याने सुचवलं आहे, ते बरोबर आहे का? आणि जुन्या बोटीत आणखी काय बघून घ्यायला हवं?

---

जुनी_वल्ही, जॉर्जिया · ३ एप्रिल

आधी टीचं उत्तर देतो, कारण त्यात इंजिन जाऊ शकतं. टी लावू नका.

इंजिनाचा पंप त्या होजमधून लेकचं पाणी ओढतो, ते इंजिन थंड करतं आणि पुढे एक्झॉस्टमध्ये पडतं. एक्झॉस्टचे रबरी होज त्या पाण्याच्या जिवावरच टिकतात. त्याच नळीवर बॅलास्टचा पंप ओढायला लागला की इंजिनाला पाणी कमी पडतं. त्याहून वाईट म्हणजे बॅग रिकामी झाली, कुठे एक क्लॅम्प ढिला राहिला, की त्या फांदीतून हवा आत येते आणि इंजिनाचा पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. मीटरचा काटा वर चढेपर्यंत इम्पेलर जळलेला असतो. एका भोकाची मेहनत वाचवायला इंजिन पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

बॅलास्टसाठी स्वतंत्र भोक पाडा, पण एकच. पाण्याखालचं प्रत्येक भोक म्हणजे आयुष्यभर लक्ष ठेवायची एक जागा. दीड इंची थ्रू-हल (भोकात बसणारी आरपार नळी), त्यावर लगेच झडप, तिच्यावर तीन तोंडांचा मॅनिफोल्ड आणि तिथून प्रत्येक पंपाला वेगळा होज. तिन्ही पंप एकदम चालतील इतकं पाणी दीड इंचातून येतं.

जागा इंजिनाच्या आसपास निवडा. हॅच उघडल्यावर हात पोचला पाहिजे, ही पहिली अट. स्ट्रिंगरपासून (तळाच्या आतल्या लांब आधारपट्टीपासून) लांब, वेग मोजणाऱ्या पिटो नळीच्या किंवा पॅडलव्हील चक्राच्या पुढे नाही, प्रॉपच्या (बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या) सरळ रेषेतही नाही, कारण भोकामागे पाणी घुसळतं आणि प्रॉपला हवा मिळते. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: ट्रेलरचे बंक, म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या लांब पट्ट्या. बोट ट्रेलरवर असताना तळाखाली झोपून बंक कुठे टेकतात ते खडूने आखून घ्या. नाहीतर बाहेर आलेली थ्रू-हलची टोपी पहिल्याच लोडिंगला बंकवर चढते.

---

झारा, टेक्सास · ४ एप्रिल

टी आणि भोकाच्या बाबतीत वल्हींना पूर्ण अनुमोदन. पंपांबद्दल माझं मत एरेटरच्या बाजूने आहे.

एरेटर म्हणजे साधा सेंट्रिफ्यूगल पंप. स्वस्त, हलका, रबर झिजायचा प्रश्न नाही, कोरडा थोडा फिरला तरी लगेच जळत नाही. ८०० जीपीएचचा (ताशी ८०० गॅलनचा) पंप कागदावर मिनिटाला १३ गॅलन देतो. ७५० पाउंडांची बॅग ९० गॅलनची, म्हणजे पावणेसात मिनिटं. प्रत्यक्षात होजची लांबी, चढ, वळणं यांत बरंच जातं, दहा मिनिटं धरून चाला. बिघडला तर मोटरचं काडतूस फिरवून काढायचं आणि नवं बसवायचं. लेकवर उभ्या उभ्या होणारं काम आहे.

तोटा असा की पाणी एकाच दिशेने जातं. त्यामुळे भरायला एक आणि रिकामं करायला एक, तीन बॅगांना सहा पंप. शिवाय हा स्वतःहून पाणी वर ओढत नाही, त्याला ते आयतं मिळावं लागतं. म्हणून भरायचा पंप पाण्याच्या पातळीच्या खाली, जमेल तितका खोल बसवायचा. आडवा बसवला तर त्याचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला हवं, नाहीतर डोक्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि पंप नुसता घूं घूं करत राहतो. होजही सतत चढता न्यायचा, मध्ये कुठे झोळ पडू द्यायचा नाही.

---

जुनी_वल्ही, जॉर्जिया · ४ एप्रिल

झारा, तुमचं म्हणणं पटतं, पण या बोटीला मी तरी इम्पेलर पंपच लावेन. कारण सायफन.

एरेटर बंद असताना उघड्या पाइपसारखा असतो. बोट वेगात असली की तळाच्या भोकातून पाणी रेटलं जातं आणि पंप बंद असूनही बॅग भरत राहते. किंवा उलट, भरलेल्या बॅगेतलं पाणी हळूहळू निघून जातं. त्यावर उपाय आहे: प्रत्येक भरायच्या लाइनला गनेलखाली (बोटीच्या बाजूच्या वरच्या कडेखाली), भरलेल्या बोटीच्या पातळीच्याही वर वळसा आणि त्याच्या डोक्यावर हवेची झडप. पण तीन लाइनींना तीन वळसे आणि रिकामं करायच्या तीन लाइनींची पुन्हा तीच कथा. २००२ च्या व्हीएलएक्सच्या कप्प्यात इतकी जागा काढणं कठीण.

इम्पेलर पंपात, म्हणजे जाब्स्कोचा बॅलास्ट पपी किंवा जॉन्सनचा अल्ट्रा बॅलास्ट, रबराची पाती पंपाच्या भिंतीला घट्ट टेकलेली असतात. थांबला की पाणी जवळजवळ अडतं. स्विच एका बाजूला दाबला की भरतो, दुसऱ्या बाजूला दाबला की उपसतो. तीन बॅगा, तीन पंप, तीन होज. स्वतः पाणी ओढतो, त्यामुळे थोडा उंचावर बसला तरी चालतो. किंमत जास्त आहे, आवाज करतो, वीजही जास्त खातो, आणि कोरडा फिरवला तर रबर जळतं. बॅग रिकामी झाली की आवाज बदलतो, तो कान देऊन ऐकायची सवय लागते, नाहीतर टायमर लावा. इम्पेलर झिजणारच, म्हणून एक जादा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवून द्यायचा.

पंप बसवताना मोटर वर आणि डोकं खाली. सील गळलं तर पाणी खाली ठिबकावं, मोटरमध्ये उतरू नये.

---

दर्यावर्दी, रत्नागिरी · ५ एप्रिल

मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होतो, आता निवृत्त. वेकबोट मी कधी चालवलेली नाही, पण बॅलास्टच्या टाक्यांशी अख्खी नोकरी गेली, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली: अर्धवट भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. पाण्याला हलायला मोकळा पृष्ठभाग मिळाला की बोट जिकडे कलते तिकडे तेही धावतं आणि कल वाढवतं. मोठ्या जहाजांत यासाठी टाक्या एकतर काठोकाठ भरतात किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात. तुमच्या बॅगा मऊ आहेत, त्यातली हवा निघून गेली की पाण्याला डचमळायला जागा उरत नाही, ही चांगली गोष्ट. पण अर्ध्या भरलेल्या बॅगेतली हवा काढलेली नसेल तर ३४० लिटरची बॅग वळणावर तुमच्याशी दांडगाई करणार. कमी वजन हवं असेल तर लहान बॅग पूर्ण भरा.

दुसरी: जहाजावर पाणी आत घ्यायची सोय करण्याआधी ते थांबवायची सोय बघतात. समुद्राकडे उघडणाऱ्या प्रत्येक तोंडाला हाताने बंद होणारी झडप असते आणि ती कुठे आहे ते अंधारातही प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमच्या बोटीतही ती झडप कुटुंबातल्या प्रत्येकाला बंद करता आली पाहिजे. लहान मुलालाही.

---

तळ्याकाठी, मिनेसोटा · ५ एप्रिल

काका, मनापासून धन्यवाद. मुलीला आणि मुलाला दोघांनाही झडप दाखवून ठेवीन, हॅच उघडायला शिकवीन.

वल्ही, इम्पेलर पंपांकडे माझाही कल होतोय. आता प्रश्न बॅगेच्या वरच्या तोंडाचा. त्याला व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) हवा ना? तो बाहेर काढायचा तर बोटीच्या बाजूला किती उंचीवर?

---

जुनी_वल्ही, जॉर्जिया · ६ एप्रिल

हा प्रश्न फार योग्य वेळी विचारलात. बहुतेक लोक रिकामी बोट ट्रेलरवर उभी असताना बाजूची भोकं पाडतात. मग १९०० पाउंड पाणी आणि माणसं भरली की तीच भोकं पाण्याच्या पातळीला किंवा खाली येतात आणि व्हेंटमधूनच पाणी आत यायला लागतं.

तुमच्याकडे अजून काठावरून भरायचा पंप आहे, त्याचा उपयोग करा. ड्रिल हातात घेण्यापूर्वी तिन्ही बॅगा जागेवर ठेवून भरा, नेहमी असतात तितकी माणसं बसवा आणि बोट शांत पाण्यात गोदीला बांधा. दुसऱ्याने गोदीवरून वाकून पाण्याच्या रेषेवर निळी मास्किंग टेप लावत जायचं, मागे, मध्ये, पुढे, दोन्ही बाजूंना. मग सगळ्यांना एका बाजूला बसवून पुन्हा बघा. त्या टेपच्या जितकं वर जाता येईल तितकं जा, रब रेलच्या (बोटीच्या बाजूला वर असलेल्या रबरी पट्टीच्या) लगेच खाली उत्तम.

हे करताना बिल्ज पंपाचं (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं) बाहेरचं तोंड कुठे येतं तेही बघा. हे मी ठासून सांगतोय. कारखान्यातून ते रिकाम्या बोटीच्या हिशेबाने पाडलेलं असतं. भरल्यावर ते बुडत असेल तर पंप बंद झाल्यावर त्याच होजमधून लेक बोटीत येईल. तसं असेल तर ते तोंड वर हलवणं हे बॅलास्टच्या आधीचं काम.

व्हेंटचा होज इंची घ्या, बारीक नको. बॅग भरली की पंपाचं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडणार. व्हेंट अरुंद असला तर बॅग फुगते आणि कप्प्याचं झाकण, सीट, कधीकधी फायबरग्लासच उचलते. शिवाय व्हेंटवर एकेरी झडप लावा, आतून बाहेर जाणारी. म्हणजे उपसताना बॅगेत हवा शिरत नाही, ती चिपाडासारखी चपटी होते आणि शेवटपर्यंत रिकामी होते. हवा शिरू दिली तर पंप मध्येच हवा ओढतो आणि तळाशी पाणी उरतं.

---

बाराव्होल्ट, कॅलिफोर्निया · ७ एप्रिल

वायरिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

एक इम्पेलर पंप १५ अँपिअर खातो असं धरा. बॅटरीपासून पंपापर्यंत आणि परत मिळून ३० फूट तांबं. १४ गेजची वायर टाकली तर १.१ व्होल्टच्या वर तुटतात, म्हणजे बाराचे नऊ टक्के वायरमध्येच गेले. पंप हळू फिरतो, तापतो, आणि लोक पंपाला दोष देतात. त्याहून जाड १० गेज टाकली तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. वायर टिन केलेली मरीनच घ्या. साध्या वायरीचं तांबं बिल्जच्या दमटपणात आवरणाच्या आतून काळं पडत जातं.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत, ही एबीवायसीची (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची) पद्धत. त्यानंतर प्रत्येक पंपाला, त्याच्यावर छापलेल्या आकड्याचा स्वतंत्र फ्यूज. दिशा बदलायला डबल पोल, डबल थ्रोचा स्विच लागतो, मधल्या जागी बंद. डॅशवरच्या जुन्या स्विचला इतका करंट सोसत नसेल तर रिले लावा.

आणि हे कृपया कुणी हलक्यात घेऊ नका: इंजिनाच्या कप्प्यात जे काही विजेचं जाईल, पंप, रिले, फ्यूजचा डबा, ते सगळं इग्निशन प्रोटेक्टेड (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारं) असलं पाहिजे. ही पेट्रोलची बोट आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचते. गाडीच्या दुकानातला स्वस्त रिले उघड-मीट करताना ठिणगी टाकतो. डिझेल ट्रॉलरवर जे चालतं ते इथे चालणार नाही. आणि पंप चालवायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं, इंजिन सुरू करताना चालवता तसाच.

---

नवा_गडी, न्यू जर्सी · ७ एप्रिल

वाचनखूण साठवली! मूळ विषयापासून जरा बाजूला: माझी १८ फुटी बोरायडर (पुढेही बसायची जागा असलेली बोट) आहे, स्टर्नड्राइव्ह. मी अशा बॅगा ठेवल्या तर मागे वेकसर्फिंग करता येईल का?

---

झारा, टेक्सास · ७ एप्रिल

सर्फिंग अजिबात नाही. तुमचा प्रॉप ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) मागे फिरतो आणि सर्फर दोरी सोडून बोटीच्या अगदी जवळ लाटेवर असतो. पडला तर थेट प्रॉपकडे. इनबोर्डमध्ये प्रॉप हलच्या खाली असतो. स्टर्नड्राइव्हवाल्यांसाठी व्होल्वो पेंटाने २०१५ मध्ये प्रॉप पुढे तोंड करून असलेला फॉरवर्ड ड्राइव्ह आणला तो याचसाठी.

लांब दोरीवर वेकबोर्डिंग करायला हरकत नाही, थोडं वजन चालेल. पण आधी कपॅसिटी प्लेट (बोटीला किती भार चालतो ते सांगणारी पट्टी) वाचा. २० फुटांखालच्या मोटरबोटीवर अमेरिकेत ती कायद्याने असते. त्यावरच्या आकड्यात माणसं, सामान आणि बॅलास्ट सगळं आलं. पाणी वेगळं धरायची मुभा नाही.

---

जुनी_वल्ही, जॉर्जिया · ८ एप्रिल

झाराच्या मुद्द्याला धरून तळ्याकाठींना सांगतो: तुमची बोट २१ फुटांची आहे तरी मॅन्युअलमधला किंवा प्लेटवरचा आकडा तुम्हालाही लागू आहेच. १९०० पाउंड भरून वर सात-आठ जण, हे त्या काळच्या हलला झेपणारं नाही. बॅगा पूर्ण असताना माणसं कमी, माणसं जास्त असताना पुढची बॅग रिकामी, असा नियम घरी करून ठेवा.

पुढचं वजन लाट स्वच्छ करतं, बोट नाक वर करून चालत नाही. पण तेच वजन नाक खाली ओढतं. पडलेल्याला घ्यायला वळताना थ्रॉटल एकदम सोडलं तर स्वतःचीच लाट बोवरून आत येते. बिल्ज पंप मोठा आणि ऑटोमॅटिक हवा, आणि एक हाय-वॉटर अलार्म. जास्त वजनाने इंजिनाचे आरपीएम पडत असतील तर कमी पिचचा प्रॉप लागेल, पण तो नंतर बघता येईल.

---

तळ्याकाठी, मिनेसोटा · २८ एप्रिल

धागा वर काढतोय, काम झालं आहे.

टेप लावायचा प्रयोग केला आणि वल्हींचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं: भरलेल्या बोटीत बिल्जचं तोंड पाण्याला टेकत होतं. ते रब रेलखाली नेलं, जुनं भोक आतून-बाहेरून फायबरग्लासने बुजवलं.

तळाचं भोक इंजिनाच्या पुढे, उजव्या बाजूला, स्ट्रिंगर आणि मधल्या रेषेच्या मध्ये. आधी आतून बारीक पायलट, मग बाहेर टेप लावून होल सॉ. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवलं, त्याने जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) टवके न उडता कापला जातो. आधी पांढरी मऊ पूड पडली, मग हिरवट ग्लासची, हाताला खाजणारी. मास्क, चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच. सॉमधून निघालेली चकती नीट बघितली: अर्ध्या इंचाहून जाड, सलग ग्लासचे थर, मध्ये लाकूड किंवा फोम नाही. तो असता तर कडा खरवडून इपॉक्सीने बंद कराव्या लागल्या असत्या. पाण्याला लाकडापर्यंत वाट मिळाली तर जुन्या बोटीचा तळ आतून कुजतो.

ब्रॉन्झची थ्रू-हल आणि ब्रॉन्झचाच फ्लँजवाला सीकॉक (हाताने बंद होणारी झडप), आत बॅकिंग प्लेटवर. आटे बघून घ्या हे आवर्जून सांगतो. थ्रू-हलचे आटे सरळ असतात आणि दुकानातल्या साध्या बॉल व्हॉल्वचे निमुळते. दोन्ही एकमेकांवर चढतात खरे, पण दोन-तीन आट्यांतच अडकतात आणि घट्ट बसल्याचा भास होतो. कुणाचा पाय पडला की तिथेच तुटेल. सीकॉकला खालून सरळ आटे असतात. सीलंट थ्रीएमचं ४२०० वापरलं. ५२०० इतकं चिकट असतं की पुढे थ्रू-हल बदलायची झाली तर जेलकोटसकट निघेल.

होज तारेचा, आतून गुळगुळीत. नालीदार बिल्ज होज ओढायच्या बाजूला चपटा होतो आणि पाणीही अडवतो. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प, स्क्रू विरुद्ध बाजूंना. वायरिंग बाराव्होल्ट यांनी सांगितलं तसंच, १० गेज.

घरासमोर ट्रेलरवर बागेचा होज लावून पंप चालवून बघितले, मग लेकवर तासभर सगळ्या झडपा उघड्या ठेवून टॉर्चने एकेक जोड बघितला. कोरडा. मागच्या दोन बॅगा एकदम भरतात, व्हेंटमधून पाण्याची धार बाहेर पडली की मुलगा स्विच बंद करतो. भरून झालं की सीकॉक बंद करून मगच निघायचं, हे काम मुलीकडे.

---

हिवाळी_गोधडी, विस्कॉन्सिन · २९ एप्रिल

अभिनंदन! फार उपयोगी धागा. दोन शंका. लेक सोडताना बॅगेत थोडं पाणी उरतंच ना? झेब्रा मसल या लेकभर पसरणाऱ्या शिंपल्यांचं काय? आणि आपल्याकडच्या थंडीत पंपांचं काय करणार?

---

दर्यावर्दी, रत्नागिरी · ३० एप्रिल

मसलबद्दल मला सांगू द्या, कारण ही आमच्याच धंद्याची देणगी आहे. झेब्रा मसल मूळची काळ्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या बाजूची. १९८० च्या दशकात जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून ती ग्रेट लेक्समध्ये पोचली आणि १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडली. मुंबईच्या गोद्यांतही अशीच मध्य अमेरिकेकडची एक काळी शिंपली येऊन चिकटली आहे. मसलची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, पाण्यात तरंगत असतात, म्हणून कुणाला कळलंच नाही. जगाला जाग यायला वेळ लागला: आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) बॅलास्ट वॉटरचा करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ ला लागू झाला. आता जहाजाला ते पाणी गाळून, शुद्ध करूनच सोडावं लागतं.

तुमची बॅग त्या टाकीचंच छोटं रूप आहे. एका लेकचं पाणी दुसऱ्या लेकमध्ये नेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

---

तळ्याकाठी, मिनेसोटा · ३० एप्रिल

काका, इथे तो कायदाच आहे. मिनेसोटात बोट रस्त्यावर आणताना सगळं पाणी सोडावं लागतं, ड्रेन प्लग काढून आणि झडपा उघड्या ठेवूनच न्यायची. मिनेटोंकात ही मसल २०१० पासून आहे, म्हणून आम्ही फारच जपतो. रॅम्पवर बोट वर ओढली की पंप उलटे चालवून बॅगा चपट्या करतो, सीकॉक उघडा ठेवतो, प्लग काढतो. तरी बॅगेच्या घड्यांत थोडं पाणी राहतंच, हे गोधडी म्हणतात ते खरं आहे. म्हणून ही बोट याच लेकवर ठेवायची असं ठरवलं आहे. दुसरीकडे न्यायचीच झाली तर बॅगा बाहेर काढून, गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून. भरायच्या लाइनवर बसणारे मसल अडवणारे फिल्टरही मिळतात, मॅनिफोल्डच्या आधी तेवढी जागा सोडली आहे.

थंडीसाठी: ऑक्टोबरमध्ये सगळं उपसून झालं की गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव), प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, पंपांतून आणि होजमधून फिरवायचं, कारण झोळात राहिलेलं पाणी गोठून पंपाचं डोकं फोडतं. गाडीचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी आहे, वसंतात ते लेकमध्ये जाईल, म्हणून ते नाही. सीकॉक अर्धा उघडा ठेवायचा, बॉलच्या मागे अडकलेलं पाणी निघून जातं. मग इम्पेलर काढून घरात ठेवायचे. पाती महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकून राहिली की तशीच बसतात आणि वसंतात पंप पाणी ओढत नाही.

---

जुनी_वल्ही, जॉर्जिया · ३० एप्रिल

उत्तम. इम्पेलर काढाल तेव्हा किल्लीला एक चिठ्ठी बांधा, 'पंपांत इम्पेलर नाहीत, सीकॉक उघडा आहे' अशी. वसंतात पहिल्या दिवशी सगळ्यांना घाई असते, आणि इम्पेलर नसलेला पंप म्हणजे उघडा पाइप. आणि परत बसवताना पात्यांना ग्लिसरीन लावा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.